ते फिरायला गेलेत

आमच्या बाबांचा आवाज स्वारगेटला निघायचा आणि बिबवेवाडीत ऐकू यायचा. मधे तीन किलोमीटर, दोन मोठे चौक, एक नाला आणि मोजता न येणाऱ्या रिक्षा. तरी यायचा. आई तो ऐकून कुकर लावायची. ही थाप आहे असं ज्यांना वाटतं त्यांनी आमच्या बिल्डिंगमध्ये कोणालाही विचारावं. तेही थापच मारतील, पण माझ्या बाजूने.

बाबा बसस्थानकावर वाहतूक नियंत्रक होते. म्हणजे काचेच्या खोलीत बसायचं, गाड्या आल्या-गेल्याच्या नोंदी करायच्या आणि कुठली गाडी कुठल्या फलाटाला लागली ते माइकवरून सांगायचं. त्यांनी 'कोल्हापूर' म्हटलं की कोल्हापूरची गाडी दचकून पाच मिनिटं आधी सुटायची. तीस वर्षं त्यांनी अख्ख्या महाराष्ट्राला रवाना केलं. स्वतः मात्र वर्षातून एकदा फलटणजवळच्या आमच्या गावी जायचे आणि दुसऱ्या दिवशी सकाळी परत यायचे, कारण तिथल्या स्टँडवर अनाउन्समेंट नीट होत नाही.

मला लहानपणापासून थापा मारायची खोड. आई बालवाडीची शिक्षिका, तिला खोटं बोलता यायचं नाही आणि ऐकवायचंही नाही. बाबांना मात्र माझी थाप जेवणात लोणच्यासारखी लागायची. मी सांगायचो, आज वर्गात साप निघाला, मास्तरांनी त्याची हजेरी घेतली आणि शेवटच्या बाकावर बसवला. बाबा घास खाली ठेवायचे, मूठ तोंडापुढे धरायचे आणि त्या आवाजात म्हणायचे, "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. आत्ताच आलेली थाप तांत्रिक कारणामुळे रद्द करण्यात येत आहे." थाप आवडली तर म्हणायचे, "थाप फलाटाला लागली आहे. प्रवाशांनी घाई करू नये." मी थापा मारत होतो त्या या एका घोषणेसाठी. बाकी जगाने विश्वास ठेवला काय, नाही ठेवला काय.

आमच्या घरात परदेशी जाऊन मोठा झालेला माणूस एकच, आणि तो भिंतीवर होता. निळ्या कोटात, हातात पुस्तक. शेजारी बुद्धाची तसबीर, खाली आईची फळी आणि फळीवर माझी पुस्तकं. आई मला कधी 'अभ्यास कर' म्हणाली नाही. ती फक्त त्या तसबिरीची काच पुसायची, आणि ती पुसताना माझ्याकडे बघायची. एवढ्यावर मी इंजिनिअर झालो.

मग पुण्यात ते आयटी सुरू झालं. खराडीला जिथे ज्वारी होती तिथे काच उगवली. मी दोन बस बदलून त्या काचेत जायला लागलो. आत थंडगार, बाहेर धूळ, आणि प्रत्येकाच्या तोंडी एकच शब्द, ऑनसाइट. ऑनसाइट म्हणजे परदेशातल्या गिऱ्हाइकाच्या ऑफिसात जाऊन तिथे बसून काम. लग्नाच्या पत्रिकेत, बायोडेटात, वाण्याकडे, सगळीकडे तोच शब्द. ऑनसाइट न गेलेला मुलगा म्हणजे न भाजलेली भाकरी.

वर्षअखेरीला मॅनेजरने मला समोर बसवलं आणि म्हणाला, "तुझी ग्रोथ थांबलीये. कम्फर्ट झोनमधून बाहेर पड. स्वीडनला ऑनसाइट जा."

दोन खोल्यांत आई, बाबा, मी आणि बाथरूमच्या छतातून येणारं वरच्यांचं पाणी, असे आम्ही चौघं राहत होतो. त्यात कम्फर्ट कुठला आणि झोन कुठला हे मला काही सापडेना. पण घरी येऊन सांगितलं.

"ग्रोथ म्हणजे काय रे?" बाबांनी विचारलं.

"वाढ."

"अजून किती वाढणार? दारात डोकं आपटतंय तुझं."

"तशी नाही हो. माणूस म्हणून."

"मग ती स्वीडनलाच होते होय?"

आई तसबिरीकडे बघत होती. "जाऊ दे त्याला," ती म्हणाली. "आपल्यात कोण गेलंय?"

मी गेलो. विमानतळाची गाडी स्वारगेटवरूनच सुटायची. बाबांना निवृत्त होऊन वर्ष झालं होतं, तरी ते त्या काचेच्या खोलीत शिरले, ड्यूटीवरच्या माणसाला सरकवलं आणि माइक घेतला. "स्वारगेटहून दादरमार्गे स्वीडनकडे जाणारी गाडी सुटण्याच्या तयारीत आहे. मधे कुठेही थांबा नाही." सगळा स्टँड हसला. बोचकं घेतलेली एक आजी तेवढी धावत आली आणि मला म्हणाली, "दादा, ही सातारला थांबंल का?"

स्वीडन हा देश फार चांगला आहे. तिथे फक्त कोणी बोलत नाही. बोलायला परवाना लागत असावा आणि तो कोणालाच मिळाला नसावा. ऑफिसात आम्ही चौदा जण एका टेबलावर जेवायचो आणि काट्या-चमच्यांच्या आवाजावरून कोणाचं जेवण कुठवर आलं ते कळायचं. बसथांब्यावर माणसं एकमेकांपासून इतकी लांब उभी राहायची की रांगेचा शेवटचा माणूस पुढच्या थांब्यावर असायचा. पहिल्या आठवड्यात मी एकाला म्हणालो, आज थंडी आहे. त्याने विचार केला, मान हलवली, आणि माझ्या माहितीप्रमाणे तो माझ्यावर अजून विचार करत असेल.

माझी ग्रोथ म्हणाल तर मी शर्टाला इस्त्री करायला शिकलो, सायकलवरून बर्फात न पडता जायला शिकलो, आणि गप्प बसायला शिकलो. शेवटचं सगळ्यात चांगलं जमलं. आठवडाभर तोंडात साचलेलं मी रविवारी दुपारी बारा वाजता घरी फोन लावून ओतायचो. मोबाइलवर चेहरे दिसायचे दिवस अजून यायचे होते. आवाज तेवढा असायचा. आमच्यात आवाजाची ददात नव्हती.

बाबांसाठी मी आठवडाभर गाड्यांच्या थापा जमवायचो. इथे बस एक मिनिट उशिरा आली की ड्रायव्हर उतरून प्रत्येकाच्या हातात लेखी माफी देतो. इथे काल एक सांबरासारखं धूड थांब्यावर रांगेत उभं राहिलं, बस आली, चढलं, आणि मधल्या जंगलात उतरलं. पास होता त्याच्याकडे. पलीकडून एक खाकरणं, मग ती मूठ तोंडापुढे गेल्याचं मला चक्क ऐकू यायचं. "थाप फलाटाला लागली आहे..." पुढचा आठवडा मी त्यावर काढायचो. उपाशी माणसाने जेवण आठवत राहावं तसा.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी आईने फोन घेतला.

"बाबा?"

"ते फिरायला गेलेत."

आमच्याकडचे निवृत्त लोक तळजाईला फिरायला जातात. टेकडी त्यांच्याच चपलांनी झिजत आली आहे. मला काही वाटलं नाही. पुढच्या रविवारी, "दाढ काढलीये, बोलायचं नाही सांगितलंय." त्याच्या पुढच्या, "झोपलेत." मग, "स्टँडवर गेलेत, कोणाचा तरी निरोप समारंभ आहे." मग पुन्हा, "ते फिरायला गेलेत." मी आईला म्हटलं, बाबा तर वाढत्या वयात सुधारायला लागले. ती म्हणाली, "हो ना." एवढंच.

एकदा ती म्हणाली, "थांब, देते." फोन कानाला लावल्याचा आवाज आला, श्वास ऐकू आला. मी सुटलो. दहा मिनिटं बोललो. बर्फात रुतलेली बस प्रवाशांनी एकही शब्द न बोलता कशी उचलून बाजूला ठेवली आणि परत आत जाऊन ते आपापल्या जागी कसे बसले. मला ती थाप स्वतःलाच फार आवडली होती. संपल्यावर मी घोषणेची वाट बघितली.

"चला," बाबा म्हणाले.

"आवडली नाही?"

"चला."

आपल्याकडे फोन असाच तर ठेवतात. चला, ठेवतो. चला, बिल होतंय. चला, काळजी घे. मीही म्हटलं, "चला," आणि ठेवला. मनात आलं, म्हातारा कंटाळला माझ्या थापांना. पुढचे काही आठवडे मी त्यांना फोनवर बोलवच म्हणून आग्रह धरला नाही. खरं सांगायचं तर रुसलो होतो.

एप्रिलमध्ये दीड वर्षाचं प्रोजेक्ट वाढवायचं की नाही, असं मला विचारण्यात आलं. वाढवलं तर आणखी वर्ष. नाहीतर जूनमध्ये परत. मला परत यायचं होतं. मला बोलायचं होतं. कोणाशीही, काहीही, रिक्षावाल्याशी भांडायलासुद्धा. पण परत येऊन काय सांगणार, की तुमचा मुलगा घडायला गेला आणि इस्त्री शिकून आला? मी आईला म्हटलं, "बाबांना विचार. मी येऊ का?"

पुढच्या रविवारी तिने उत्तर दिलं. "ते म्हणाले, तिकडेच थांब. घडायला गेलायस ना, मग घडूनच ये. अर्ध्यात येऊ नकोस."

मी सही केली.

मे महिन्यातही ते फिरायलाच गेलेले असायचे. उन्हाळ्यात तिथले बारा म्हणजे पुण्याचे साडेतीन. वैशाखाच्या उन्हात, दुपारी साडेतीन वाजता, साठीचा माणूस तळजाईच्या टेकडीवर! असल्या वेळी टेकडीवरची कुत्रीसुद्धा फिरत नाहीत. मी आयुष्यभर थापा मारल्या, थापांची वीण मला अंधारातही हाताला लागते, असा माझा दावा होता. आणि जिला कधी खोटं बोलता आलं नाही त्या बाईची पहिलीच थाप, एवढ्या मोठ्या भोकाची, मी दहा महिने डोळे मिटून गिळली. त्या वेळी ती मला सोयीची होती. बाबा फिरतायत म्हणजे बाबा बरे आहेत, म्हणजे मी इथे गप्प बसून घडायला मोकळा.

डिसेंबरात एकदा फोन शेजारच्या काकूंनी घेतला. त्या पोळीभाजीचे डबे करतात, पोळ्या लाटता लाटता गल्लीतली बातमीपत्रं वाचतात आणि त्यांच्या पोटात काही राहत नाही. या बाईंनी दहा महिने तोंड बंद ठेवलं होतं. त्यांच्या आयुष्यातला हा विक्रमच म्हणायला हवा.

"हॅलो, कोण? अगंबाई, तू होय! थांब हं, वहिनी अंग पुसतायत त्यांचं, हात ओले आहेत..."

"कोणाचं अंग पुसतायत?"

पोळी करपल्याचा वास मला स्वीडनमध्ये आला.

"काकू, कोणाचं?"

"कुत्र्याचं रे."

"आमच्याकडे कुत्रा नाही."

"मग नसेल," काकू म्हणाल्या आणि त्यांनी फोन ठेवला.

मी परत लावला. आईने उचलला.

"बाबांना दे."

"ते फिराय..."

"आई."

मग मुलांना धडा सांगावा तशा एकेक वाक्याने ती म्हणाली, "फेब्रुवारीत झालं. मेंदूत रक्ताची गाठ. उजवी बाजू गेली. बोलणं गेलं. आता तब्येत स्थिर आहे." आणि मग, "तू जेवलास का?"

तिसऱ्या दिवशी मी घरी होतो. खिडकीशी खुर्चीत एक बारीक माणूस बसला होता आणि त्याला बाबांचा शर्ट घातला होता. मला बघून त्याचा अर्धा चेहरा हसला. अर्धाच. दुसऱ्या अर्ध्याला कोणी आल्याची खबर पोचलीच नाही.

"चला," बाबा म्हणाले.

त्यांच्याजवळ तेवढा एकच शब्द उरला होता. बाकी सगळे गेले. कोल्हापूर गेलं, सातारा गेलं, फलटण गेलं, माझं नाव गेलं. तहान लागली की चला. माशी बसली की चला. टीव्ही लावा, चला. बंद करा, चला. आवाज मात्र तोच होता, भरदार, तीन किलोमीटर जाणारा. म्हणजे बंद पडलेल्या स्टँडवर माइक तेवढा चालू राहावा, तसं काहीतरी.

मी आईला स्वयंपाकघरात गाठलं. बाबांना ऐकू जाऊ नये म्हणून हळू बोलायचा प्रयत्न केला, पण आमच्या घराण्यात हळू आवाज नाही.

"मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर आला असतास."

"मग? यायलाच तर..."

"म्हणूनच नाही सांगितलं." ती कणीक मळत होती. "आपल्यात कोण गेलं होतं? गेलास, आणि माझ्यामुळे परत आला असतास?"

"आणि ते 'घडूनच ये' म्हणाले, ते?"

"म्हणाले."

"आई, त्यांना बोलता येत नव्हतं."

"'चला' म्हणाले. मी अर्थ लावला."

तिच्या चेहऱ्यावर खोटं बोलल्याची एक रेघ नव्हती. तिने खरंच अर्थ लावला होता. मी सही केली ती एका अर्थावर.

बाबांना बोलण्याचे व्यायाम शिकवायला एक बाई येत. त्या आधी आठवड्यातून दोनदा यायच्या, आता महिन्यातून एकदा. मी त्यांना जिन्यात अडवलं. चांगल्या होत्या, खोटी आशा देत नव्हत्या. म्हणाल्या, "सुरुवातीचे सहा-आठ महिने फार महत्त्वाचे असतात. नंतर फरक पडतो, पण थोडा. तुमच्या वडिलांना तेव्हा सतत कोणीतरी बोलतं ठेवायला हवं होतं. ज्यांच्याशी त्यांचे सूर जुळतात असं कोणी. गप्पा, चेष्टा, त्यांच्या सवयीची वाक्यं. आईंचा स्वभाव मुळात अबोल. मी त्यांना विचारलंसुद्धा होतं, घरात कोणी बडबडं माणूस आहे का?"

"मग?"

"त्या म्हणाल्या, नाही."

ते सहा-आठ महिने मी कुठे होतो हे त्यांनी विचारलं नाही. मी जगातल्या सगळ्यात गप्प देशात, चौदा माणसांच्या टेबलावर, काट्याने बटाटा खात बसलो होतो.

स्वीडनला मी परत गेलो नाही. खराडीच्या काचेत पुन्हा जागा मिळाली, खालची. मॅनेजर म्हणाला, "फॅमिली रीझन, समजू शकतो," आणि माझ्या ग्रोथचा विषय निघाला नाही. संध्याकाळी सहाला घरी आलो की मी खुर्चीसमोर स्टूल ओढायचो आणि सुरू व्हायचो. दहा महिन्यांचं एकदम भरून काढायचं होतं. बाईंनी सांगितलेली सवयीची वाक्यं म्हणून बघितली. मीच मूठ तोंडापुढे धरून 'प्रवाशांनी कृपया' पर्यंत यायचो आणि थांबायचो, की पुढचं ते म्हणतील. ते माझ्या मुठीकडे बघायचे. कुतूहलाने, दुसऱ्याच्या घरातली वस्तू बघावी तसं.

मग थापांकडे वळलो. आई मागे भाजी निवडत बसायची आणि अर्थ लावायची.

"चला," बाबा म्हणायचे.

"ते म्हणतायत, काहीही सांगतोस."

"चला."

"ते म्हणतायत, बरं झालं आलास."

"खरंच असं म्हणतायत?"

"मग मी काय खोटं बोलते?"

मी मानायला लागलो. काय करणार! घरात आता थापा मारणारे दोघं झालो होतो आणि ऐकणारा एक. मार्चच्या सुमारास मी त्यांना ती बर्फातल्या बसची थाप पुन्हा सांगायला घेतली. या वेळी फुलवून. बसमध्ये एक नवरदेव घातला, त्याची वरात घातली, ते सांबर घातलं. बाबांचे डोळे चमकत होते. "चला," ते म्हणाले.

"ते म्हणतायत, पुढे सांग."

मी पुढे सांगितलं. मी उठून उभा राहिलो, हातवारे केले, बस खांद्यावर घेऊन दाखवली.

"चला. चला."

"आवडलीये त्यांना," आई म्हणाली.

"चला!" आवाज चढला, तो स्टँडवरचा, आणि डावा हात खुर्चीच्या दांड्यावर आपटायला लागला. मला वाटलं, आली. आता घोषणा येते. मी आणखी रंगात आलो. नवरदेवाला बसच्या टपावर चढवला. पाच मिनिटं तरी ते चला चला म्हणत होते आणि मी टाळ्या ऐकल्यासारखा बोलत होतो.

मग माझे पाय ओले झाले. खुर्चीखालून पाणी वाहत माझ्यापर्यंत आलं होतं. बाबांनी हात आपटायचा थांबवला आणि खिडकीबाहेर बघायला लागले. त्यांचा डावा डोळा भरला होता. उजवा तसाच.

आई फडकं घेऊन आली आणि गुडघ्यांवर बसली. मी त्यांना काखेत धरून उचललं. एके काळी ज्यांनी मला खांद्यावर बसवून गाड्या दाखवल्या ते अंगात काहीच वजन नसल्यासारखे वर आले. लेंगा बदलला, पाय पुसले. आई फरशी पुसताना एकदा म्हणाली, "ते म्हणतायत..." आणि पुढे तिला काही सुचलं नाही.

त्यानंतर ते सव्वादोन वर्षं होते. मी थापा सोडल्या. ऑफिसातून आलो की स्टूल न ओढता उभ्या उभ्याच विचारत सुटायचो. पाणी हवं? पंखा वाढवू? बाथरूमला जायचंय? पाय दुखतोय? उन्हात घेऊ? आडवं व्हायचंय? यादी मोठी होती, रोज तीच, त्याच क्रमाने, आणि प्रत्येक प्रश्नानंतर मी त्यांच्या तोंडाकडे बघत थांबायचो. ते प्रत्येकाला एकच उत्तर द्यायचे. कधी त्यातलं एखादं बरोबर निघायचं.